सातबाऱ्यावरचे नाव: दिव्यांगांची जमीन, घर आणि कायदा

अणदूरच्या खंडोबाला देवळे दोन आहेत आणि मूर्ती एकच. अणदूर हे धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातले, सोलापूर–हैदराबाद महामार्गावरचे गाव. वर्षातले सुमारे सव्वादहा महिने देव इथे असतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गजवळच्या मैलारपूरला. पौष पौर्णिमेची मोठी यात्रा मैलारपूरला भरते. देव कधी न्यायचा आणि कधी आणायचा, याचा दोन्ही गावांच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो. भक्तांनी नेल्याशिवाय जागचा न हलणाऱ्या देवाच्या मुक्कामाचा हक्क दोन गावे कागदावर मान्य करतात आणि पाळतात.

भारतीय कायद्यात देव जमिनीचा मालक असू शकतो. देवस्थान इनामाच्या सातबाऱ्यावर कब्जेदार म्हणून देवाचे नाव असते. पुजारी किंवा वहिवाटदार हा देवाच्या वतीने कारभार पाहणारा, मालक नव्हे. कलकत्त्याच्या मलिक घराण्यातला एक खटला १९२५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता. पूजेची पाळी आली की घरातला देव आपल्या घरी नेता येईल का, यावर भाऊबंदांत वाद होता. न्यायाधीशांनी सांगितले की देवाला कायद्याने व्यक्तित्व आहे, त्याने कुठे राहावे याबाबत त्याच्या इच्छेचा विचार झाला पाहिजे, आणि त्याची बाजू मांडायला ज्याचा या वादात स्वार्थ नाही असा वादमित्र नेमला पाहिजे. भांडणारे भाऊ देवाच्या वतीने बोलू शकत नाहीत, हा त्या निकालाचा गाभा.

मालकी एकाची आणि वहिवाट दुसऱ्याची असू शकते, हे आपल्या कायद्याला इतके जुने आणि इतके नीट ठाऊक आहे. जो चालत नाही, बोलत नाही, सही करत नाही, त्याचीही मालकी शाबूत राहते. अज्ञान मुलाच्या बाबतीतही हेच. वयात न आलेल्या पोराच्या नावापुढे सातबाऱ्यावर ‘अ. पा. क.’ लिहितात, म्हणजे अज्ञान पालन कर्ता; जमीन पोराचीच राहते. मग जन्मतः आंधळ्या, पांगळ्या किंवा मतिमंद माणसाचा हिस्सा मात्र शतकानुशतके नाकारला का गेला? आणि तो परत मिळवून देणारा कायदा आज नेमका काय सांगतो? अणदूरसारख्या गावात राहणाऱ्या प्रत्येक शेतकरी कुटुंबाने हे समजून घ्यावे, इतके ते जवळचे आहे.

नाकारण्याचा कायदा ज्या गावी लिहिला गेला ते गावही याच वाटेवर आहे. अणदूरहून महामार्गाने पूर्वेला निघून उमरगा ओलांडले की कर्नाटकाची हद्द लागते आणि पुढे बसवकल्याण येते. हेच चालुक्यांचे कल्याण. सहाव्या विक्रमादित्याच्या कारकिर्दीत, म्हणजे १०७६ ते ११२६ या काळात, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका इथे लिहिली. एकत्र कुटुंब, वडिलोपार्जित जमीन, जन्माने मिळणारा हिस्सा, वाटणी यांबद्दल महाराष्ट्रातला शेतकरी आजही जे बोलतो त्याचा मोठा भाग या ग्रंथातून आला आहे. बंगाल सोडला तर बहुतेक हिंदुस्थानात न्यायालयांनी हिंदूंच्या वारशाचे निवाडे मिताक्षरेच्या आधारे केले. एका दिवसात जाऊन येता येईल अशा अंतरावर लिहिलेल्या पोथीने अणदूरच्या बांधापासून पंजाबच्या शेतापर्यंत वाटण्या ठरवल्या, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते.

त्या ग्रंथात वारशातून वगळलेल्यांची यादी आहे. नपुंसक, पतित, पांगळा, वेडा, जड, आंधळा, असाध्य रोगाने ग्रासलेला. यांना हिस्सा नाही. मात्र कुटुंबाने त्यांचे पोषण केलेच पाहिजे. विज्ञानेश्वर इथे थांबत नाही. वाटणी झाल्यावर व्यंग आले तर मिळालेला हिस्सा जात नाही, असे तो म्हणतो. वाटणीनंतर औषधाने दोष बरा झाला तर हिस्सा द्यावा, असेही सांगतो. वगळलेल्याचा मुलगा निर्दोष असेल तर त्याला वाटा मिळतो आणि मुलींना लग्न होईपर्यंत पोसायचे असते. या नियमात करुणा आहे, हे नाकारता येत नाही. पण ती अन्नापुरती आहे. ज्याला पोसायचे त्याला मालक मानायचे नाही, हा विचार तिथे पक्का झाला आणि आठशे वर्षे टिकला.

इंग्रजी अमदानीतल्या न्यायालयांनी तो थोडा अरुंद केला. आंधळेपण जन्मापासूनचे आणि न बरे होणारे असले तरच हिस्सा जातो, अशा धाटणीचे निकाल झाले. पुढे १९२८ मध्ये वारशातील अपात्रता दूर करणारा कायदा आला. रोग, विकृती, शारीरिक किंवा मानसिक व्यंग एवढ्याच कारणाने हिंदू माणसाला वारशातून वा एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून वगळता येणार नाही, असे त्याने ठरवले. अपवाद एकच ठेवला, जन्मापासून वेडा किंवा जडबुद्धी असलेल्याचा. पण हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा, निजामाच्या राज्यात होता.

शेवटचा अपवादही गेला तो १७ जून १९५६ रोजी. त्या दिवशी हिंदू उत्तराधिकार अधिनियम लागू झाला. त्याच्या २८ व्या कलमात सांगितले आहे की कोणताही रोग, दोष किंवा विकृती या कारणाने कोणीही वारसा मिळण्यास अपात्र ठरणार नाही. एवढेच लहानसे कलम. उस्मानाबाद जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात होता; मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला तो त्याच वर्षी १ नोव्हेंबरला. म्हणजे या भागातल्या मतिमंद मुलाला बापाच्या जमिनीत वारसा हक्क मिळाला, तोवर त्याचा जिल्हा मराठी राज्यात आलाही नव्हता. २००५ च्या दुरुस्तीने मुलीही जन्माने सहहिस्सेदार झाल्या, तेव्हा दिव्यांग मुलीचे दोन्ही अडसर कागदावरून गेले. (महाराष्ट्राने आपल्यापुरता मुलींचा हा हक्क १९९४ मध्येच दिला होता.)

कागदावरून, असे मुद्दाम म्हणतो. विज्ञानेश्वराचा नियम कायद्यातून गेला तरी घरातून गेलेला नाही. बाप वारला की भाऊ एकत्र बसतात. वारस नोंदीचा अर्ज तयार होतो. बोलता न येणारा, अंथरुणावर असणारा किंवा समजण्यात मंद असलेला भाऊ असेल तर कोणीतरी म्हणतेच, “त्याला काय करायचीय जमीन? आपण आहोत की सांभाळायला.” त्यात वाईट हेतू असतोच असे नाही, पुष्कळदा खरी माया असते. मग दोन गोष्टींपैकी एक घडते. एक तर वारसांच्या यादीत त्याचे नावच येत नाही, नाहीतर त्याचा अंगठा घेऊन हक्कसोडपत्र होते. पंधरा-वीस वर्षांनी भाऊ थकतात, पुतण्यांच्या वाटण्या होतात, आणि ज्याच्या नावावर गुंठाही नाही त्याला सांभाळायचे कोणी, असा प्रश्न उभा राहतो. सांभाळण्याचा शब्द माणसाबरोबर जातो. सातबाऱ्यावरचे नाव राहते. नावाचा आग्रह धरायचा तो यासाठी.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या जागी उभा आहे. संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार २००६ मध्ये मंजूर झाला, भारताने तो १ ऑक्टोबर २००७ रोजी स्वीकारला, आणि त्याला अनुसरून केलेला हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. आधीच्या १९९५ च्या कायद्यात सात प्रकारचे दिव्यांगत्व होते, यात एकवीस आहेत. मिळकतीच्या दृष्टीने त्याचे १३ वे कलम सर्वांत मोलाचे. दिव्यांगांना इतरांच्या बरोबरीने जंगम व स्थावर मिळकत बाळगण्याचा आणि वारशाने मिळवण्याचा, आपले आर्थिक व्यवहार स्वतः चालवण्याचा, बँकेचे कर्ज आणि गहाण यांचा हक्क आहे, असे ते सांगते. पण त्याच कलमातले तिसरे पोटकलम मला याहून महत्त्वाचे वाटते. दिव्यांगाला मदत करणारा माणूस आणि तो दिव्यांग यांचे एखाद्या पैशाच्या किंवा मिळकतीच्या व्यवहारात हितसंबंध एकमेकांविरुद्ध असतील, तर त्या व्यवहारात त्या मदतनिसाने मदत करायची नाही.

याचा अर्थ गावच्या भाषेत असा. भाऊ रोज जेवू घालतो, दवाखान्यात नेतो, पेन्शनचे पैसे आणून देतो. हे सगळे तो करू शकतो, करावेच. पण हक्कसोडपत्र त्याच भावाच्या लाभात होणार असेल, तर त्या दिवशी तो ‘याचा अर्थ मी समजावून सांगतो’ म्हणून दिव्यांगाच्या शेजारी बसू शकत नाही. दुसरा, ज्याला त्या जमिनीत काही मिळायचे नाही असा माणूस हवा. १९२५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने देवासाठी जो निःस्वार्थ प्रतिनिधी मागितला, तोच ९१ वर्षांनी संसदेने हाडामांसाच्या माणसाला दिला. नुसते नाते आहे म्हणून हितसंबंध एकमेकांविरुद्ध आहेत असे गृहीत धरायचे नाही, असेही कलम सांगते. म्हणजे कायदा कुटुंबावर संशय घेत नाही, फक्त एका ठरावीक क्षणी त्याला बाजूला बसवतो. आणि दिलेली मदत बदलण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार दिव्यांगाकडेच राहतो.

ज्यांना मदत देऊनही निर्णय घेता येत नाही त्यांच्यासाठी १४ व्या कलमात मर्यादित पालकत्व आहे. ते ठरावीक निर्णयापुरते, ठरावीक काळापुरते आणि दोघांनी मिळून निर्णय घेण्याच्या तत्त्वावर असते. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा अधिक जवळचा आहे. त्याखाली प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. तिच्यात एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. समिती सज्ञान मुलासाठी पालक नेमते. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांच्या आत त्या व्यक्तीच्या स्थावर मिळकतीची यादी समितीला द्यायची असते आणि दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब द्यायचा असतो. मूल अठरा वर्षांचे झाले की आईबापांचे नैसर्गिक पालकत्व संपते, ही गोष्ट अनेक घरांत माहीतच नसते. अशा मुलाच्या नावची जमीन विकायची वा गहाण ठेवायची वेळ आली की मगच धावपळ सुरू होते.

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबद्दलही लोकांच्या मनात गैरसमज आहेत. नोंदणी अधिनियम १९०८ चा. त्याच्या ३८ व्या कलमाप्रमाणे शारीरिक दुर्बलतेमुळे ज्याला धोका किंवा मोठा त्रास झाल्याशिवाय कार्यालयात येता येत नाही, त्याला येण्याची सक्ती नाही. निबंधकाने त्याच्याकडे जायचे किंवा कोणाला तरी पाठवायचे. याला कार्यालयात गृहभेट म्हणतात आणि तिचे शुल्क ठरलेले असते. म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना जिन्यावरून उचलून नेण्याची गरज शंभर वर्षांपूर्वीही नव्हती. उलट बाजूने, दस्त करून देणारा माणूस व्यवहार समजण्याच्या मनःस्थितीत नाही असे दिसले तर निबंधकाने नोंदणी नाकारायची असते. तसे ३५ वे कलम सांगते. हे कलम ढाल आहे, पण चुकीच्या हातात तेच दार बंद करते. नीट बोलता न येणारा, मान डुलणारा, लाळ गळणारा माणूस समजूतदार नसतोच असे कोण म्हणते? मेंदूचा पक्षाघात असलेली कितीतरी माणसे पदवीधर आहेत. दिसण्यावरून समज ठरवणे हाच भेदभाव.

एकदा अन्याय झाला की सगळे संपले, असेही नाही. समजण्याची क्षमता नसताना करून घेतलेला करार मुळातच निरर्थक ठरतो. मानसिक क्षमतेअभावी स्वतः दावा चालवता येत नसेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे वादमित्रामार्फत दावा लावता येतो. अशा व्यक्तीसाठी मुदतीच्या कायद्यातही सवलत आहे. तिची ती अवस्था असेपर्यंत मुदत तिच्याविरुद्ध धावत नाही. शरीराने अधू पण समजदार असलेल्याला मात्र ही सवलत नाही. त्याने वेळेत उठले पाहिजे.

आता जमिनीच्या वापराकडे वळतो, कारण नाव लागले तरी त्या जागेत राहता आले पाहिजे. या भागाला त्याचा फार कडू अनुभव आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली, हजारो जखमी झाली. त्यांत पाठीचा कणा मोडलेले, पाय गमावलेले पुष्कळ होते. जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसन झाले. बावन्न गावे नव्या जागी वसवली. एखाद्या भूप्रदेशाची नव्याने आखणी करण्याची इतकी मोठी संधी महाराष्ट्रात क्वचितच आली असेल. घराचा आकार मात्र जमिनीवरून ठरला: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या कुटुंबाला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, त्यावरच्याला ७५०. घरात कोण कसे वावरणार, हे माप त्या आखणीत नव्हते. दिव्यांगांचा पहिला सर्वसमावेशक कायदा १९९५ चा आणि तो लागू झाला फेब्रुवारी १९९६ मध्ये. भूकंप त्याआधी दोन वर्षांहून अधिक काळ येऊन गेला होता. आखणाऱ्यांना दोष देऊन काही साधणार नाही. पण पुढच्या प्रत्येक पुनर्वसनात, मग ते धरणाचे असो की महामार्गाचे, हे माप पहिल्या दिवशी घेतले गेले पाहिजे.

आजचा कायदा तसे सांगतो. २०१६ च्या कायद्याच्या ३७ व्या कलमाप्रमाणे शेतजमीन आणि घरे वाटण्याच्या सर्व संबंधित योजनांत ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना ५ टक्के आरक्षण आहे, त्यातही स्त्रियांना योग्य ते प्राधान्य. घर, निवारा, व्यवसाय, उद्योग यांसाठी सवलतीच्या दराने जमीन द्यायची असेल तर तिथेही ५ टक्के. म्हणजे गावात भूमिहीनांना जमीन वाटायची असो, घरकुलांची यादी करायची असो की सवलतीच्या जागेवर धंद्याची सोय करायची असो, शंभरातले पाच या हिशेबाने विचार झालाच पाहिजे. याशिवाय महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा आहे. ग्रामसभेत हा आकडा विचारण्याचा अधिकार प्रत्येक गावकऱ्याला आहे.

घरकुलाचा प्रश्न सिमेंटचा कमी आणि जागेचा जास्त आहे. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे प्रमाण एकास बारा धरतात: एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार. आपल्याकडे पावसापाण्यासाठी जोते दोन फूट तरी उचलतात. म्हणजे चोवीस फूट उतार हवा. आता जागा नसलेल्या कुटुंबाला घरकुलासाठी जागा घ्यायला राज्याची पंडित दीनदयाल उपाध्याय योजना पाचशे चौरस फुटांपर्यंत अर्थसहाय्य देते. अशी जागा वीस फूट बाय पंचवीस फूट असते. उतार तिची एक पूर्ण बाजू खातो! त्यावर उपाय आहेत. जागा उंचवट्यावर निवडली तर जोते एका फुटावर आणता येते. उतार भिंतीलगत वळवता येतो. शेजारच्याशी बोलून सामाईक बोळातून चढ काढता येतो. पण हे सगळे पाया खोदण्यापूर्वी ठरले तरच. घर उभे राहिल्यावर दारात ओतलेला तीव्र उतार ही निव्वळ घसरगुंडी होते. तिच्यावरून वर जायला दोन माणसे लागतात. घरकुल मंजूर करताना अभियंत्याने ‘घरात कोणी दिव्यांग आहे का’ एवढा प्रश्न विचारून आखणी बदलली, तर त्याला कायदा वाजवी समायोजन म्हणतो, आणि ते करायला नकार देणे हाही कायद्याच्या व्याख्येत भेदभावच आहे. अवाजवी बोजा पडत असेल तरच सूट आहे. पाया भरण्यापूर्वी नकाशा फिरवण्याचा बोजा कितीसा?

सार्वजनिक इमारतींचे नियम अधिक कडक आहेत. २०१६ च्या कायद्याचे कलम ४४: सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या आस्थापनेच्या नकाशाला परवानगी नाही आणि बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखलाही नाही. कलम ४५: जुन्या सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून पाच वर्षांत सुगम्य करायच्या. नियम १५ जून २०१७ रोजी आले, म्हणजे मुदत जून २०२२ मध्ये संपली. सार्वजनिक इमारत कोणती, हे कायद्याची व्याख्या वाचून पाहावे. इमारत सरकारी असो की खासगी, लोक तिथे जात असले तर ती सार्वजनिक. शाळा, दवाखाना, दुकान, कचेरी आणि धार्मिक कार्याची जागाही तिच्यात येते. खंडोबाचे देऊळ कायद्याच्या नजरेत सार्वजनिक इमारत आहे; तुळजाभवानीचेही. जुन्या दगडी पायऱ्या तोडा असे कोणी म्हणत नाही. पण बाजूने एक उतार, एक कठडा, चप्पल काढण्याच्या जागी टेकायला ओटा, अंध भक्ताला वाट कळेल अशी फरशी, हे करता येते आणि करायचे आहे. तलाठी सज्जा वरच्या मजल्यावरून खाली आणणे, हे तर एका खुर्चीची जागा बदलून सुटणारे काम.

या कलमांना अनेक वर्षे दात नव्हते आणि त्याचे कारण सर्वोच्च न्यायालयाने अलीकडे उघड केले. राजीव रतुरी या दृष्टिहीन कार्यकर्त्याने २००५ मध्ये याचिका केली होती. २०१७ मध्ये न्यायालयाने मुदती घालून आदेश दिले. ते नीट पाळले गेले नाहीत. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने मूळ दुखण्यावर बोट ठेवले. कायदा सक्ती सांगतो, पण त्याखालच्या नियमांतील १५ (१) क्रमांकाचा नियम फक्त मार्गदर्शक तत्त्वांकडे बोट दाखवतो; त्यामुळे सक्तीची शिफारस होऊन बसते. न्यायालयाने तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि किमान, तडजोड न करता येणारी मानके तीन महिन्यांत ठरवा असे केंद्राला सांगितले. मुंबईत पदपथांवर वाहने चढू नयेत म्हणून रोवलेले खांब चाकाच्या खुर्चीलाही अडवत होते. तिथे मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. दोन खांबांमधले अंतर किती, हा प्रश्न उच्च न्यायालयाने घ्यावा लागतो, यावरून खाली किती काम राहिले आहे ते दिसते.

जमिनीचा वापर ठरवणारे नियम दिव्यांगांना वस्तीबाहेरही ठेवू शकतात. याचे जगभर सांगितले जाणारे उदाहरण अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातल्या क्लिबर्न या लहान शहराचे. १९८० मध्ये तिथे एक घर विकत घेतले गेले. तेरा मतिमंद स्त्री-पुरुषांनी देखरेखीखाली एकत्र राहावे, अशी योजना होती. त्याच भागात वसतिगृह, वृद्धाश्रम, इस्पितळ यांना नियमाने मुभा होती, पण या घराला शहराने खास परवाना मागितला आणि मग तो नाकारला. कारणे अशी: शेजाऱ्यांना पसंत नाही, समोर शाळा आहे, मुले चिडवतील, आणि पाचशे वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या क्षेत्रात ही जागा आहे. १९८५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा परवाना मागणेच रद्द केले. पूर येणार असेल तर तो वृद्धाश्रमातही येईल. शेजाऱ्यांची नापसंती हे जमिनीच्या वापराचे कारण होऊ शकत नाही. तीन वर्षांनी तिथल्या घरविषयक कायद्यात दिव्यांगत्वाचा स्पष्ट समावेश झाला. आपल्या २०१६ च्या कायद्याचे ५ वे कलम हाच हक्क देते: दिव्यांगाला समाजात राहण्याचा हक्क आहे आणि त्याने अमुकच प्रकारच्या जागी राहावे अशी सक्ती नाही. गावाबाहेरच्या झोपडीत ठेवलेला कुष्ठमुक्त म्हातारा किंवा गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवलेली मतिमंद मुलगी यांनाही ते लागू आहे.

२०११ च्या जनगणनेत भारतात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले, त्यांतले १ कोटी ८६ लाख खेड्यांत. महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार. खेड्यात जगण्याचा आधार जमीन, म्हणून हा प्रश्न आधी खेड्याचा आहे. अणदूरला त्यासाठी एक जमेची बाजू आहे. हॅलो मेडिकल फाउंडेशनने इथे राहून खेड्यापाड्यांतल्या बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून आरोग्याचे काम शिकवले. घरोघर फिरणाऱ्या बाईला कोणत्या घरात कोण अंथरुणावर आहे, कोणाला दिसत नाही, हे तलाठ्यापेक्षा आधी कळते. आरोग्याची नोंद करणाऱ्या तिच्या वहीत ‘याचे नाव सातबाऱ्यावर आहे का’ असा एक रकाना वाढवला, तर आठशे वर्षांच्या नियमाला गावपातळीवर उत्तर मिळू लागेल.

तक्रारीच्या जागाही सांगून ठेवतो. राज्याचे दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यात आहे आणि डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग सुरू केला. कायदा मोडल्याबद्दल पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत, पुन्हा मोडल्यास किमान ५० हजार आणि कमाल ५ लाख रुपये दंड आहे. फेरफाराविरुद्ध अपील उपविभागीय अधिकाऱ्याकडे करता येते.

पण अपिलाची वेळ येऊ नये हेच बरे, आणि ते वाचकाच्या हातात आहे. घरात मृत्यू झाला की वारसांची नोंद तलाठ्याकडे गाव नमुना ६-क मध्ये होते. मग फेरफार धरला जातो, चावडीवर नोटीस लागते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. त्या यादीत घरातल्या दिव्यांग भावाचे, बहिणीचे, चुलत्याचे नाव आहे का, हे त्या पंधरा दिवसांत स्वतः जाऊन पाहा. नसेल तर लेखी हरकत द्या आणि तिची पोच घ्या.